जपायचं घर आणि वापरायचं घर: कोथरूडमधल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं, वजनं आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच दिल्या आहेत.)

पार्श्वभूमी

कोथरूडमधली जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूमचा फ्लॅट, चटईक्षेत्र ६४० चौरस फूट. राहणारे पाच जण: आजी (वय ७६), मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीला, नात दहावीत, नातू पाचवीत. सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं बिऱ्हाड उठलं तेव्हा तिथलं सगळं सामान इथे आलं आणि माळ्यावर चढलं. त्यावर पुढच्या पंचवीस-तीस वर्षांतले आहेर, संक्रांतीची वाणं, दिवाळीच्या भेटी आणि ऑनलाइन मागवलेलं सामान यांचे थर बसत गेले.

घरात दोन लोखंडी कपाटं, दोन पत्र्याच्या ट्रंका, एक बॉक्स पलंग, स्वयंपाकघरात ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, वर भिंतभर लाकडी फडताळ आणि तीन माळे. एवढ्या घराला ही जागा कमी म्हणता येणार नाही.

अडचण

मे महिन्यात तीन गोष्टी एकदम झाल्या. नातीला दहावीच्या अभ्यासासाठी स्वतःचा कोपरा हवा होता. भाजणीच्या चकलीसाठी सोऱ्या सापडेना म्हणून नवीन आणला आणि आठवड्याने जुने दोन सापडले. तिसरं म्हणजे, स्टुलावर चढून माळ्यावरून पातेलं काढताना आजींचा तोल गेला. लागलं नाही, पण घर घाबरलं.

‘जागा पुरत नाही’ असं निदान घरच्यांनीच केलं. सुताराला बोलावलं. स्वयंपाकघरात ट्रॉल्या आणि पलंगावरून छतापर्यंत कपाटं, असा १,७२,००० रुपयांचा अंदाज त्याने दिला.

सूनबाईंनी त्याच सुमारास वर्षभराच्या ऑनलाइन खरेदीचा हिशेब काढला, आणि त्याने प्रश्नच बदलला. प्लॅस्टिकच्या डब्यांचे चार संच, दोन चादरी, ओटा पुसायची मायक्रोफायबर फडकी, कागदी रोल, मुलांच्या ताटल्या असे मिळून ११,३०० रुपये गेले होते. या यादीतली प्रत्येक वस्तू घरात आधीपासून होती, आणि बहुतेक वेळा नव्यापेक्षा चांगली होती. ती ‘जपून’ ठेवलेली होती, एवढंच. आहेरातल्या नऊ चादरी पाकिटासकट ट्रंकेत, स्टीलचे जाड डबे माळ्यावर, काचेच्या बारा ताटल्या ‘पाहुण्यांसाठी’ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. रोजच्या वापरात मात्र झाकण न बसणारे डबे, टवके उडालेल्या ताटल्या आणि मधोमध विरलेल्या चादरी.

एका घरात दोन घरं चालली होती. एक जपायचं, एक वापरायचं. वापरायचं घर सतत मोडत होतं आणि त्याची भर बाजारातून होत होती. पुण्यातल्या पुष्कळ घरांची खरी अडचण हीच असते, आणि नवं कपाट केल्याने जपायच्या घराला आणखी एक खोली मिळते, बाकी काही होत नाही.

समोर असलेले पर्याय

सुताराचं काम हा पहिला पर्याय. फायदा उघड होता: ट्रॉलीत मागची वस्तू पुढे येते, वाकावं लागत नाही. पण काम बरेच दिवस चालणार आणि नेमकं नातीच्या शाळेच्या सुरुवातीला घरात भुसा उडणार. शिवाय काय ठेवायचं हे ठरलेलं नसताना कप्प्यांची मापं कशी घेणार?

दुसरा, गावच्या घरी सामान पाठवणं. हा लवकर बाद झाला, कारण गावचं घर बंद असतं आणि बंद घरात वाळवीला राखणदार लागत नाही.

तिसरा पर्याय मुलाने मांडला: वर्षभर न वापरलेली प्रत्येक वस्तू बाहेर. हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण आपल्या घरांना तो लावताना जपून राहायला हवं. पुरणयंत्र, कुरडयांचा साचा, गौरीचे मुखवटे, मखराच्या कमानी, चातुर्मासातली चांदीची तबकडी वर्षातून एकदाच निघतात, आणि त्या दिवशी त्यांच्यावाचून अडतं. ‘किती दिवसांत वापरली’ यापेक्षा ‘कोणत्या दिवशी लागते’ हा प्रश्न इथे बरोबर बसतो. दिवस सांगता आला तर वस्तू राहते, मग तो दिवस वर्षातून एक का असेना.

चौथा पर्याय निवडला गेला: तीन महिने घरासाठी कोणतीही नवी वस्तू घ्यायची नाही (दुरुस्तीचे सुटे भाग सोडून), आणि जपून ठेवलेलं एकेक करून वापरात आणायचं. सुताराला नकार दिला नाही, ‘दिवाळीनंतर बघू’ असं सांगितलं. तो दरवाजा उघडा राहिल्यामुळे मुलगा या प्रयोगाला राजी झाला.

पहिला रविवार, आणि तीन आठवड्यांचा खोळंबा

सुरुवात चुकली. जूनच्या दुसऱ्या रविवारी तिन्ही माळे एकदम खाली काढले. दुपारपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, चारला पाऊस आला, आणि गॅलरीत ठेवलेली अर्धी खोकी भिजली. तशात आजींना भंगाराच्या ढिगात एक पोचे आलेली पितळी कळशी दिसली. त्या काही बोलल्या नाहीत. कळशी उचलून खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. रात्री सगळं सामान होतं तसं वर गेलं. पुढचे तीन आठवडे कुणी विषय काढला नाही.

दोन निर्णय चुकले होते. एक, ज्या वस्तूंत जीव गुंतलेला आहे त्यांच्यापासून सुरुवात केली. सुरुवात फडकी, पिशव्या, डबे, टॉवेल अशा कुणाच्याच नसलेल्या वस्तूंनी करायची असते. त्यातून हात बसतो आणि घरातल्यांचा विश्वासही. दोन, ज्याची वस्तू त्याला विचारलं नाही. माळा एका वेळी एकच उतरवायचा आणि संध्याकाळच्या आत भरून होईल एवढाच, हे साधं पथ्य पाळलं असतं तर पावसानेही नुकसान झालं नसतं.

टिकलीची मोजणी

जुलैत पुन्हा सुरुवात झाली ती काहीही न हलवता. स्वयंपाकघरातल्या १८६ भांड्या-डब्यांवर एकेक लाल टिकली चिकटवली. वस्तू वापरली की टिकली काढायची. मुदत पंधरा दिवस. त्यात आषाढी एकादशी आणि एकदा पाहुणे येऊन गेले, म्हणजे उपासाची आणि जेवणावळीची भांडीही मोजणीत आली. गॅसवर चढणाऱ्या भांड्यांना टिकली कानाच्या बाहेरच्या बाजूला लावली. डिंकाचा डाग उरतो तो खोबरेल तेलाच्या बोटाने निघतो.

एक गोंधळ झाला. घरकामाला येणाऱ्या मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी फडताळावरची धूळ पुसताना मुलांचा खेळ समजून टिकल्या काढून टाकल्या. आठवून आठवून त्या पुन्हा लावाव्या लागल्या. घरात रोज भांडी हाताळणारी व्यक्ती पहिल्या दिवशी बोलणीत हवी. पुढे कुठलं भांडं कुठे असावं, याचा सगळ्यात नेमका सल्ला मावशींनीच दिला.

पंधराव्या दिवशी ११२ टिकल्या शिल्लक. म्हणजे घर बाकीच्या ७४ वस्तूंवर चाललं होतं. उरलेल्या ११२ पैकी ३१ सणावाराच्या निघाल्या. त्या एका माळ्यावर, महिन्याची चिठ्ठी लावून गेल्या: ‘चैत्र, कैरीचं पन्हं, मोठी बरणी’, ‘भाद्रपद, गौरी’. ३३ वस्तू मोडक्या किंवा जास्तीच्या होत्या. ॲल्युमिनियम भंगारात गेलं, फुटकं प्लॅस्टिक सुक्या कचऱ्यात, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे. राहिल्या ४८. हे जपायचं घर.

स्वयंपाकघर: डबा आधी, धान्य नंतर

४८ मध्ये स्टीलचे सोळा डबे होते. त्यांना थेट धान्य भरण्याआधी दोन तपासण्या केल्या.

पहिली मापाची. लिटरच्या बाटलीने पाणी ओतून प्रत्येक डबा किती लिटरचा ते मोजलं आणि बुडावर मार्करने लिहिलं. तांदूळ किलोला सव्वा लिटर जागा घेतो, म्हणून १० किलोला साडेबारा लिटर. गहू थोडा जास्त, किलोला १.३ लिटर. गिरणीतून आलेली कणीक फुगलेली असते, ५ किलोला साधारण ९ लिटरचा डबा हवा. घरात गव्हासाठी सर्वांत मोठा डबा होता तो तेलाचा जुना पत्र्याचा, सुमारे १६ लिटरचा. त्यात १२ किलो बसतात. आधी १५ किलो आणून ३ किलो पिशवीत लोंबकळत ठेवायची सवय होती, आणि पोरकिडे तिथूनच सगळीकडे जात. आता गहू १२ किलोच येतो.

दुसरी झाकणाची. वाटीभर पाणी घालून झाकण लावायचं आणि डबा उलटा करून दहापर्यंत मोजायचं. थेंब गळला तर मुंगीही शिरणार. सोळापैकी पाच गळले. त्यांच्या तोंडावर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीचा उघडा कापलेला तुकडा पसरून वरून झाकण दाबलं. तीन घट्ट झाले, दोन भांडी-चमच्यांसाठी ठेवले.

इथे प्रयोगातली सगळ्यात महाग चूक झाली. जुलैच्या ओल्या हवेत संध्याकाळी धुतलेले डबे रात्रभर ओट्यावर पालथे ठेवले आणि सकाळी तीन किलो तूरडाळ भरली. बारा दिवसांनी डाळीला गोळे आणि कुबट वास. स्टीलच्या डब्याचा काठ दुमडलेला असतो, त्या दुमडीत पाणी अडकतं. डबा सपाट पालथा ठेवला की आतली हवाही कोंडते. डबा तिरका टेकवून निथळू द्यावा, दुमडीतून सुक्या फडक्याचं टोक फिरवावं, मग दिवसभर ऊन. ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण एक दिवस. डबे फिरवायचं काम मुळात एप्रिल-मेचं, वाळवणाच्या दिवसांतलं. जुन्या बायका ते तेव्हाच करायच्या, त्यामागे कारण होतं. पुढच्या तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवलं, तिला काही झालं नाही.

काचेच्या ताटल्या रोजच्या झाल्या. पहिल्या महिन्यात दोन फुटल्या. सूनबाईंना हळहळ वाटली, आजींनी विचारलं, ‘बारापैकी दहा उरल्या. आपण माणसं किती?’

कुकर चार होते. एक चालू, एकाची रबरी रिंग कडक झालेली, दोन ‘असू दे’ म्हणून. रिंग घेताना कुकरची कंपनी आणि लिटर दोन्ही जुळावं लागतं, नुसता आकार बघून घेतलेली रिंग वाफ सोडते. झाकण सोबत नेऊन रिंग बसवून बघितली. मिक्सर बदलायचा विचार होता. प्रत्यक्षात भांड्याखालचा कपलर झिजलेला होता. त्याचे दात गुळगुळीत झाले की मोटर फिरते, पातं फिरत नाही आणि आवाज नुसता घरघरतो. कपलर बदलला, मिक्सर राहिला.

चादरी, साड्या आणि शिलाई मशीन

पाकिटातल्या नऊ चादरी उघडल्या तेव्हा सातच धड होत्या. दोन घडीवर विरलेल्या आणि पिवळ्या रेघा पडलेल्या. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि खळ असलेल्या कापडावर कसर येते. जपून ठेवल्यानेच त्या गेल्या, हे बघितल्यावर घरात कुणाला समजवावं लागलं नाही.

रोजच्या जुन्या चादरींपैकी दोन मधोमध विरल्या होत्या, कडा मात्र दणकट. त्या लांबीत मधून कापल्या, बाहेरच्या कडा आत घेऊन जोडल्या आणि विरलेला भाग आता कडेला गेला. गादीखाली दुमडला जाणारा भाग तोच. त्यासाठी आजींचं पायमशीन बाहेर काढलं. चाक फिरेना, कारण चामड्याचा पट्टा सैल झाला होता. पट्ट्याचा तारेचा आकडा सोडवायचा, एक सेंटीमीटर कापायचा, टोकाला नवं भोक पाडून आकडा पुन्हा दाबायचा. तेल घालून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन चाललं.

फडक्यांसाठी एक जुनी सुती पाचवारी घेतली. पाच मीटर लांब, ११४ सेंटीमीटर पन्हा. पन्ह्यात तीन आणि लांबीत दहा असे ३८ बाय ५० सेंटीमीटरचे तीस तुकडे, दोन-दोन जोडून पंधरा दुपदरी फडकी. आधी साडी गरम पाण्यात उकळून खळ काढावी लागते, नाहीतर फडकं पाणी टिपत नाही. एक सिंथेटिक साडीही कापून पाहिली. ती पाणी पुढे ढकलते, टिपत नाही. तिचे माळ्यावरच्या सामानाला धुळीचे अभ्रे झाले. कागदी रोल तेव्हापासून आलेला नाही. उरलेल्या बऱ्या साड्या बोहारणीला गेल्या, दोन पातेल्यांऐवजी एकच मोठी परात घ्यायची हे आधीच ठरवून.

पितळ

आजींशी बोलणी ऑगस्टमध्ये झाली. सूनबाईंनी ‘काय टाकायचं’ असं विचारलं नाही, ‘यातलं काय वापरात आणूया’ असं विचारलं. आजींनी स्वतः माळा उतरवून घेतला. पितळ-तांब्याचे नऊ नग निघाले.

तीन पितळी डबे: १४, ११ आणि ७ लिटरचे. चिंच-मिठाने आतून घासून, हिरवा थर पूर्ण काढून, धुऊन, दोन दिवस वाळवून पहिल्यात महिन्याचा १० किलो तांदूळ भरला. डबा आणि तांदूळ मिळून जड होतो, म्हणून तो ओट्याखाली कायम बसला आणि रोजच्यासाठी दोन किलोचा स्टीलचा डबा वर. पितळेत मीठ, गूळ, चिंच ठेवायची नाही हे झाकणावरच लिहिलं. आजींना ते ठाऊक होतं, नातवंडांना नव्हतं.

दोन पातेल्यांची कल्हई उडाली होती. बिनकल्हईच्या पितळेत ताक, कोकम, टोमॅटो असं आंबट कळकतं. पातेली कसब्यातल्या तांबट आळीत नेऊन कल्हई करून आणली. आता त्यांत खीर आणि आमटी होते. नातवाने नवसागराचा धूर आणि क्षणात पांढरं होणारं भांडं बघितलं, त्याला पुन्हा जायचं आहे.

घंगाळ, हंडा आणि दोन कळशांचा उपयोग पाण्याने सुचवला. महापालिका दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते, त्यासाठी १०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप घ्यायचं घाटत होतं. चारही भांड्यांत मिळून पन्नासेक लिटर वापरायचं पाणी मावलं, बादल्या धरून एक दिवस निघतो. पिण्याचं पाणी वेगळं. भांडी झाकलेली हवीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायला हवीत, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

पोचे आलेली कळशीही त्यात आहे.

परिणाम

नोव्हेंबरपर्यंत एक माळा पूर्ण रिकामा झाला. स्टुलावर चढायची गरज आता सणालाच, आणि तेही आजींना नाही. नातीचा कोपरा ट्रंकेने सोडवला: ३८ सेंटीमीटर उंचीची ट्रंक, वर घडी केलेली गोधडी, खाली लाकडाचे चार ठोकळे. ठोकळे उंचीसाठी लागले आणि फरशीच्या ओलीने बूड गंजू नये म्हणूनही. समोर जेवणाचं जुनं घडीचं टेबल.

दुरुस्तीचा खर्च रिंग, कपलर, कल्हई, सुया-दोरा धरून २,१५० रुपये. बोहारणीची परात सोडली तर तीन महिन्यांच्या नियमात एकदाच खंड पडला: नातवाच्या शाळेने विशिष्ट डबा मागितला. सुताराला दिवाळीनंतर बोलावलं ते फक्त फडताळाची दोन दारं नीट बसवायला.

सगळं सुटलं नाही. मुलाच्या ऑफिसच्या आणि कॉलेजच्या कागदांची सहा खोकी तशीच आहेत. त्यांना टिकली लावता येत नाही आणि त्याला वेळ मिळत नाही. लग्न होऊन गेलेल्या नणंदेची ट्रंक अजून इथेच आहे. ती तिची, म्हणून कुणी उघडली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मोजणी जूनमध्ये आणि हलवाहलव पुढच्या एप्रिलमध्ये ठेवली असती तर डाळ वाचली असती आणि खोकी भिजली नसती. टिकली कपड्यांच्या कपाटालाही लावायला हवी होती. हँगरला लावून महिनाभर बघितलं असतं तर बोहारणीला काय द्यायचं यावर दोन संध्याकाळी वाद झाला नसता. आणि आजींना पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर पितळी डबे जूनमध्येच वापरात आले असते. 

पुढच्या एप्रिलसाठी यादी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहे: पितळी डबे रिकामे करून उन्हात, पाकिटातल्या विरलेल्या दोन चादरींची गोधडी, नणंदबाईंना फोन.